‘सावध राहा’ एवढ्यावर भागत नाही: कॉलेजने फसवणुकीची सूचना कशी लिहावी आणि पैसे गेल्यावर पहिल्या तासात काय करावं

प्रश्न: खारघरच्या एका पदवी महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहते. गेल्या सत्रात आमच्या काही मुलांचे टेलिग्रामवरच्या ‘टास्क’मध्ये आणि पीजीच्या खोलीसाठी आगाऊ दिलेल्या टोकनमध्ये पैसे गेले. ‘ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहा’ अशी सूचना आम्ही दर महिन्याला ग्रुपवर टाकतो, पण ती कोणी वाचत नाही. अमेरिकेत कॅम्पस पोलीस विद्यार्थ्यांना अशा सूचना पाठवतात असं ऐकलं. आपल्याकडे हे काम कोणी करायचं आणि कसं?

उत्तर: तुमची सूचना वाचली जात नाही, कारण तिच्यात मुलांना नवीन काहीच कळत नाही. सावध राहायला हवं हे त्यांनाही ठाऊक आहे. समोर आलेला मेसेज हा त्यातलाच आहे, हे मात्र त्यांना त्या क्षणी ओळखता येत नाही. आणि फसल्यावर कोणाकडे, किती वेळात, काय घेऊन जायचं, तेही माहीत नसतं. सूचनेने ही दोन कामं केली पाहिजेत. बाकीचा मजकूर वगळला तरी चालेल.

अमेरिकेतल्या पद्धतीमागे एक कायदा आहे. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. त्यानंतर १९९० मध्ये आलेल्या आणि आज क्लेरी कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने विद्यापीठांवर सूचना देण्याचं बंधन घातलं. त्यात दोन प्रकार वेगळे ठेवले आहेत. जीवाला आत्ता धोका असेल तर ताबडतोब द्यायची आणीबाणीची सूचना, आणि घडलेला गुन्हा पुन्हा घडू शकत असेल तर वेळेत द्यायचा इशारा. बरीच विद्यापीठं याला जोडून फसवणुकीचे इशारेही पाठवतात. आपण घ्यायची गोष्ट म्हणजे हे वेगळेपण. आपल्याकडच्या कॉलेज ग्रुपवर गेटबाहेरच्या छेडछाडीची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक आणि ‘ओटीपी देऊ नका’ हे सगळं एकाच ओळीत वाहून जातं. सुरक्षेच्या सूचनांसाठी फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा वेगळा ग्रुप करा आणि त्यात दुसरं काहीही टाकू नका.

आपल्याकडे कॅम्पस पोलीस नाहीत. गेटवरचा सुरक्षारक्षक खासगी एजन्सीचा असतो, त्याला तक्रार नोंदवण्याचा अधिकार नाही. तो अधिकार तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला आणि आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्याला आहे. खारघर नवी मुंबई आयुक्तालयात येतं, तर मुंब्रा-कळव्याहून येणाऱ्या मुलांचं घर ठाणे आयुक्तालयात. हद्दीच्या या गोंधळात मुलांचे दोन-दोन दिवस जातात, म्हणून हे स्पष्ट लिहा: तक्रार कुठूनही करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. कॉलेजचं काम तपासाचं नाही. मुलाला ओळखायला शिकवणं, फसलाच तर फोन लावून देणं आणि ठाण्यात त्याच्यासोबत जाणं, हे आपलं काम.

आता ओळखण्याबद्दल. सूचनेत भामट्याचं वाक्य जसंच्या तसं द्या, त्याने काय शब्द वापरले ते. टास्कचंच घ्या. सुरुवात ‘घरबसल्या काम, गुगल मॅपवर हॉटेलला पाच स्टार द्या, एका रिव्ह्यूचे ५० रुपये’ अशी होते. मुलगा तीन रिव्ह्यू देतो आणि त्याच्या खात्यात १५० रुपये खरोखर येतात. सूचनेत नेमकं हेच लिहिलेलं नसतं, आणि नेमकं इथेच मूल अडकतं. कारण कोणी अडवायला गेलं की ते सांगतं, ‘अहो, पण त्यांनी पैसे दिले की!’ ते १५० रुपये म्हणजे गळाला लावलेलं आमिष. पुढे ‘प्रीपेड टास्क’ येतो. हजार भरले की तेराशे परत, हेही एकदा खरं होतं. मग चार-पाच जणांच्या गटात टाकतात. त्यातले बाकीचे सगळे त्याच टोळीचे असतात आणि पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट टाकत राहतात. आता रक्कम पाच हजार, मग पंधरा हजार. काढायला गेलं की, ‘तुमच्याकडून टास्कचा क्रम चुकला, खातं लॉक झालं, तुमच्यामुळे गटातल्या सगळ्यांचे पैसे अडकले, आणखी २८ हजार भरा.’ वेबसाइटवर दिसणारी ६० हजारांची शिल्लक म्हणजे नुसता टाइप केलेला आकडा असतो. बाकीच्यांचे पैसे आपल्यामुळे अडकले या ओझ्याखाली मुलं मित्रांकडून उसने घेऊन भरतात. लोभापेक्षा ही भीड जास्त पैसे घालवते. म्हणून सूचनेची पहिली ओळ अशी हवी: ‘पहिले १५० रुपये खरे येतात. तिथेच थांबा.’

खारघर, कामोठे, नेरुळ, कोपरखैरणे या भागांत दरवर्षी जून ते ऑगस्टमध्ये बाहेरगावची मुलं खोल्या शोधतात, तेव्हा टोकनची फसवणूक डोकं वर काढते. फोटो सुंदर, भाडं आजूबाजूच्यापेक्षा दोन-तीन हजारांनी कमी, आणि मालक ‘सैन्यात’ किंवा ‘सीआयएसएफमध्ये, बदली झाली आहे’. ओळखपत्राचा फोटोही तो आपण होऊन पाठवतो. ते ओळखपत्र बहुतेक वेळा खऱ्या माणसाचं, कुठून तरी चोरलेलं असतं. मग ‘गेटपाससाठी दोन हजार, प्रवेश करताना परत’, नाही तर ‘आमचं खातं मिलिटरीचं आहे, आधी तुम्ही एक रुपया पाठवा’. तपासणी अगदी साधी आहे. सोसायटीच्या गेटवर जा, वॉचमनला किंवा सेक्रेटरीला फ्लॅट नंबर आणि मालकाचं नाव विचारा. मालकाकडे महावितरणचं चालू महिन्याचं बिल आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) मागा, दोन्हींवरचं नाव जुळतं का पाहा. दलाल असेल तर किल्ली लावून आतून खोली दाखवल्याशिवाय टोकन नाही. गावाहून येणं जमत नसेल तर कॉलेजच्या एखाद्या सीनियरला पाठवा. हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी जरूर घ्यावं. दोन महिने रोज दोघांनी तासभर दिला तरी पुष्कळ टोकनं वाचतील.

यूपीआयबद्दल एकच वाक्य पाठ करून घ्या: पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. क्यूआर स्कॅन केल्यानेही पैसे येत नाहीत. व्यक्तीकडून व्यक्तीला पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे ‘रिक्वेस्ट स्वीकारा’ म्हणणारे आता क्यूआर पाठवतात किंवा ऑटोपेला मंजुरी द्यायला लावतात. ऑटोपे जास्त घातक, कारण एकदा दिलेल्या मंजुरीवर पैसे पुन्हा पुन्हा जाऊ शकतात. अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते. महिन्यातून एकदा ती उघडून अनोळखी नाव दिसलं की रद्द करायला सांगा.

एसएमएसच्या बाबतीत पाठवणाऱ्याचं नाव पाहायला शिकवा. बँकेचा किंवा कंपनीचा खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. तो अक्षरांच्या हेडरवरून येतो आणि २०२५ पासून त्या हेडरच्या शेवटी डॅशनंतर एक इंग्रजी अक्षर असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारीला जी. ‘आज रात्री ९.३० ला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून आला तर तो महावितरणचा नाही. हीच गोष्ट गॅस बिलाची आणि वाहतूक चलनाची. सोबत एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल असेल तर विषयच संपला. लग्नपत्रिका, चलन, बिल यांपैकी काहीही एपीके स्वरूपात येत नसतं. ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती मिळाली की ओटीपी कोणी सांगावा लागत नाही, तो परस्पर वाचला जातो. चुकून बसवलं असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग अ‍ॅप काढा. क्रम उलटा झाला, आधी अ‍ॅप शोधत बसलं, की तेवढ्या वेळात खातं रिकामं होऊ शकतं.

नोकरी-इंटर्नशिपबद्दल फार लिहायला नको. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, पोलीस पडताळणीचा खर्च, या नावांनी उमेदवाराकडून पैसे मागणारी नेमणूक खोटी. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली आहेत, त्यामुळे ‘ग्राउंड स्टाफ’चं आमिष इथल्या मुलांना पटकन खरं वाटतं. विमानतळाचा प्रवेश पास उमेदवाराने पैसे भरून मिळत नाही, तो नेमणूक झाल्यावर कंपनीमार्फत काढला जातो. एवढं एक वाक्य सूचनेत पुरे.

ज्या विषयावर कॉलेजं सर्वांत कमी बोलतात आणि ज्याचा मुलांना सर्वांत मोठा फटका बसतो, तो म्हणजे खातं भाड्याने देणं. कोणी सीनियर किंवा कॅन्टीनमधला ओळखीचा सांगतो, ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, काही हजार मिळतील. गेमिंगचे पैसे आहेत, काळजी नको.’ मग ‘किट’ मागतात: एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम. या खात्यात दुसऱ्या कोणाला तरी गंडा घालून आणलेले पैसे येतात आणि काही मिनिटांत पुढे जातात. तक्रार झाली की पोलिसांना आधी दिसतं ते नाव खातेदाराचं, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याचं. खातं गोठतं. ज्याचे पैसे गेले तो हैदराबादचा असेल तर नोटीस तेलंगणातून येते, आणि वेगवेगळ्या राज्यांतून एकाच वेळी चार नोटिसाही येऊ शकतात. ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगावं लागतं, आणि कार्ड-सिम आपल्याच हाताने दिलेलं असताना ते पटवणं अवघड असतं. शिष्यवृत्तीही त्याच खात्यात येत असेल तर तीही अडकते. पुढे पासपोर्टची पोलीस पडताळणी, नोकरीची पार्श्वभूमी तपासणी, सगळीकडे हे आडवं येतं. सूचनेत ‘म्यूल अकाउंट’ असा शब्द टाकलात तर मुलांना तो कळणार नाही. ‘खातं भाड्याने देऊ नका, सिम देऊ नका, दिलं असेल तर आजच बँकेत लेखी कळवा आणि कार्ड बंद करा’ असं लिहा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘चुकून पैसे आले’. कोणी अनोळखी पाच हजार पाठवतो आणि फोन करून रडकुंडीला येत परत मागतो, तेही दुसऱ्याच नंबरवर. परस्पर पाठवू नका. त्याला म्हणावं, तुझ्या बँकेत तक्रार कर. आपल्या बँकेलाही लेखी कळवा आणि ती रक्कम खर्च करू नका. ते पैसे कोणाच्या तरी तक्रारीतले निघाले तर पुढे पाठवणारी साखळीतली कडी तुम्ही ठरता.

व्हिडिओ कॉलवर अश्लील चित्रण करून पैसे उकळणं आणि ‘डिजिटल अरेस्ट’, या दोन्हींचा आधार भीती हाच आहे. भारतीय कायद्यात डिजिटल अटक असा प्रकार नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला कोंडून ठेवत नाहीत आणि ‘तपासणीसाठी’ खात्यात पैसे मागवत नाहीत. पहिल्या प्रकारात मुलांना दोन गोष्टी ठामपणे सांगा. पैसे दिले तर मागणी थांबत नाही, वाढते. आणि असा फोटो-व्हिडिओ पसरू नये म्हणून स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे, अठरा वर्षांखालच्यांसाठी टेक इट डाउन. या सेवांमध्ये फोटो कुठे पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमं त्या ठशावरून तो फोटो रोखतात. तुमच्याकडे कनिष्ठ महाविद्यालय असेल तर हे अकरावी-बारावीच्या मुलांपर्यंत नक्की पोचवा. अशा मुलाशी बोलताना ‘तू असा कॉल घेतलासच का’ हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणीही विचारू नये. त्या प्रश्नाच्या भीतीनेच मुलं गप्प बसतात आणि पैसे देत राहतात.

आता पहिला तास. पैसे गेल्याचं कळलं की १९३० ला फोन. हा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोनवर ही माहिती विचारतात: आपली बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख आणि वेळ, प्रत्येकाचा यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयमध्ये बारा आकडी), आणि समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक. चार वेळा पैसे गेले असतील तर चार क्रमांक लागतात. मुलं फक्त शेवटचा, मोठा व्यवहार सांगतात आणि आधीचे राहून जातात. म्हणून फोन लावण्याआधी पाच मिनिटं घेऊन हे कागदावर लिहून काढा, मात्र त्यापेक्षा जास्त वेळ नको. तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते, आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती रोखली जाते. पुढच्या बँकेत गेली असेल तर तक्रार तिच्या मागे जाते. सगळी घाई यासाठीच: पैसे एटीएममधून बाहेर पडले की रोखायला काही उरत नाही. १९३० लागत नसेल तर थांबू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर लगेच नोंदवा. आलेला पोचक्रमांक जपून ठेवा, पुढे पोलीस ठाण्यात आणि बँकेत तोच विचारतात.

त्याच वेळी बँकेत स्वतंत्र लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ पासूनच्या नियमानुसार ग्राहकाची चूक नसताना, त्रयस्थ ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर येत नाही. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण तसंच्या तसं मिळत नाही, हेही मुलांना खरं सांगा. तरीही कळवायचंच, कारण कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर जाते.

या तासात तीन चुका हमखास होतात. बँकेचा नंबर गुगलवर शोधतात आणि तिथे भामट्यानेच टाकलेला ‘कस्टमर केअर’ लागतो. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचाच घ्या. दुसरी, लाजेने किंवा रागाने चॅट पुसून टाकतात. टेलिग्रामवर समोरचा माणूसही दोन्ही बाजूंचा संवाद पुसू शकतो, म्हणून ब्लॉक करण्याआधी प्रोफाइलचं युजरनेम दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. तिसरी, ‘पैसे परत मिळवून देतो, दहा टक्के आधी द्या’ म्हणणारा दुसरा भामटा. बुडालेल्या माणसाला पुन्हा बुडवायला हे टपलेलेच असतात.

फोन चोरीला गेला तर क्रम वेगळा. वाशीला गर्दीत किंवा गाडीच्या दारातून फोन गेला की मुलं आधी शोधाशोध करतात. आधी सिम बंद करा, कारण ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की सगळे ओटीपी तिथे जातात. मग बँकेला सांगून यूपीआय बंद. मग पोलिसांत तक्रार (रेल्वेत १३९ वर मदत मिळते) आणि नवीन सिम घेतल्यावर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक. तो क्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो, आजच वहीत लिहून ठेवायला सांगा. सिमला पिन लावून ठेवला तर चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतच नाही. ही सोय जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असते आणि जवळजवळ कोणीच वापरत नाही.

सूचनेचा नमुना खाली देतो. मोबाइलच्या एका स्क्रीनमध्ये मावेल एवढाच ठेवा, आणि लिंक टाकू नका. ‘लिंक दाबू नका’ असं आपणच सांगायचं आणि आपणच लिंक द्यायची, हे बरोबर नाही.

‘इशारा: पीजी टोकन. दिनांक ___.
खारघर-कामोठे भागात खोली देतो असं सांगून पैसे घेतले जात आहेत. वाक्य असं असतं: “मी सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली, गेटपासचे २००० आत्ता पाठवा, नंतर परत.”
गेटपासला पैसे लागत नाहीत. खोली आतून पाहिल्याशिवाय एक रुपयाही नाही.
पैसे गेले असतील तर आत्ताच १९३०. यूटीआर जवळ ठेवा. फोन लावायला मदत हवी असेल तर ___ मॅडम, खोली क्र. ___, रात्री दहापर्यंत ___ या नंबरवर. तुमचं नाव कोणाला सांगितलं जाणार नाही.’

शेवटचं वाक्य लिहायचं तर ते पाळा. फसलेल्या मुलाचं नाव, वर्ग, रक्कम यांपैकी काहीही ग्रुपवर जाता कामा नये. ‘एसवाय बीकॉमच्या एका मुलीचे’ एवढं लिहिलं तरी अख्ख्या वर्गाला कळतं. तसंच खातरी नसलेली फॉरवर्ड सूचना पुढे ढकलू नका. एकदा खोटी निघाली की पुढची खरीही कोणी उघडत नाही. महिन्याच्या ठरावीक तारखेला सूचना देण्यापेक्षा प्रकार घडला की त्याच दिवशी द्या: जूनमध्ये खोल्या, प्रवेशफेऱ्यांच्या काळात ‘मॅनेजमेंट कोट्यातून सीट’ विकणारे दलाल, मुलाखतींच्या हंगामात नोकऱ्या. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत तीन वेगळे मेसेज करा, एकात तिन्ही कोंबू नका. आणि १९३० व ११२ (आणीबाणीचा क्रमांक) हे दोन आकडे पुढच्या वर्षीच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापून घ्या. छपाईची ऑर्डर साधारण मे महिन्यात जाते, त्याआधी प्राचार्यांच्या कानावर घाला.